कमी पळणारी चाकं

आपाच्या सासरी सकाळ कोंबड्याने होत नसे, बाबूराव फिटरच्या खोकल्याने होत असे. आधी तो खोकायचा, मग इंजिनाला एक शिवी द्यायचा, मग इंजिन खोकायचं, आणि त्या खोकल्याबरोबर घरातली सगळी भांडी फळीवर बारीक थरथरू लागायची. भाताची गिरणी आणि राहतं घर यांच्यामध्ये एकच भिंत होती. त्यामुळे चहाच्या कपात सकाळभर लाटा असायच्या आणि तूस तर कुठेही सापडायचं. वेणीत, दुधाच्या सायीवर, बाळाच्या मुठीत. सांजच्याला इंजिन थांबलं की कानात एकदम इतकी शांतता यायची की माणसं उगाचच ओरडून बोलायची आणि मग एकमेकांकडे बघून आवाज खाली आणायची.

मी उमरग्याहून आले होते, आपाच्या म्हणजे थोरल्या बहिणीच्या बाळंतपणाला, महिनाभर म्हणून. महिन्याचे चार महिने झाले तरी मला परत पाठवायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि ते येऊ नये म्हणून मी घरात शक्य तितकी बारीक होऊन राहत होते. शाळा सातवीत सुटली होती. सुटली म्हणजे मी सोडली नाही की तिने मला काढलं नाही. धाकट्या बहिणींना सांभाळायला घरी कुणीतरी हवं होतं, इतकंच. मुळशीला आपाकडे आले तेव्हा पहिले तीन दिवस मला वाटत होतं की माझ्या येण्याचा सण चालला आहे. आमच्याकडे रोज ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी. तांदूळ ईदेला नाहीतर आजारपणात. इथे सकाळी कण्यांची पेज, दुपारी तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी आणि धरणातल्या माशांचं कालवण, रात्री पुन्हा भात. चौथ्या दिवशी मी आपाला हळूच विचारलं, "पाहुण्यांचं जेवण कधी संपणार?" आपा बाळाला पाजता पाजता इतकी हसली की बाळाला उचकी लागली.

आपाच्या नवऱ्याला आमच्याकडे मी दुल्हाभाई म्हणाले असते, पण मुळशीत सगळे दाजी म्हणत म्हणून मीही दाजी म्हणू लागले. मोठा शांत माणूस. मी किती दिवस राहणार हे त्यांनी कधीच विचारलं नाही. उलट दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी भिंतीत एक खिळा ठोकला आणि म्हणाले, "ही तुझ्या ओढणीची जागा." त्या खिळ्याचं मला इतकं वाटायचं की मी ओढणी अडकवताना तो दुखणार नाही अशा बेताने अडकवायची. कारण उमरग्याला अब्बांनी माझ्यासाठी एक स्थळ धरून ठेवलं होतं. सोलापूरकडचा अंड्यांचा व्यापारी, वयाने अब्बांचाच मित्र शोभेलसा. त्याचा फोटो आला होता. फोटोत त्याने हातात एक कोंबडी धरली होती, आणि दोघांमध्ये कोंबडीच जास्त तरतरीत दिसत होती. मी घरी परतले की सुपारी फुटणार हे ठरलेलं होतं. मुळशीत आहे तोवर अब्बा म्हणणार, पोरगी बहिणीच्या मदतीला गेलीय, थांबा.

पण त्या घरात माझं राहणं दाजींच्या हातात नव्हतं, दादीच्या होतं. दादी म्हणजे दाजींची आई. अंगाने चिमणीएवढी, आवाजाने इंजिनाएवढी. माझ्या उमरग्याच्या बोलीची तिला फार गंमत. मी "काय करूलालीस?" म्हटलं की ती म्हणायची, "रेहाने, तुझं बोलनं ऐकलं की वाटतंय कुनी पाळना हलवतंय. लाला, लाला." मी लाजून गप्प बसले की पुन्हा म्हणायची, "आता गप का? पोटात दुकतंय व्हय?" तिच्यापुढे मी बोलले तरी चुकायची आणि नाही बोलले तरी.

आता मुद्द्यावर येते. शब्बू ही आपाची थोरली मुलगी, सात वर्षांची. दाजी धरणाच्या वसाहतीत तांदूळ पोचवायला जात तेव्हा ती पोत्यांवर बसून जायची. तिथे कुणा साहेबाची मुलगी व्हरांड्यात चाकांचे बूट घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होती म्हणे, पाय न उचलता. घरी आल्यापासून शब्बूने पाय उचलणं सोडून दिलं. सगळीकडे घसटत चालायची. सारवलेल्या जमिनीवर दोन लांब रेघा, चुलीपासून मोरीपर्यंत. त्यातच तिचे कान टोचायचे होते. सोनार दिसला की ती गिरणीच्या माळ्यावर चढून बसे. दाजी एकदा वैतागून म्हणाले, "न रडता कान टोचून घे, मग आनतो चाकाचं बूट." त्यांना वाटलं, जन्मात व्हायचं नाही. दुसऱ्या दिवशी शब्बू स्वतः जाऊन सोनारापुढे बसली. डावा झाला, उजवा झाला, डोळ्यातून टिपूस नाही. उठली, कानातल्या दोऱ्यांना हात लावून बघितला आणि म्हणाली, "आता बूट."

दादीचा सक्त विरोध होता. "चाकं गाडीला असत्यात. मान्साला कशापायी?" पण दाजी दिलेला शब्द मोडणारे नव्हते, आणि निवडायला कोण जाणार म्हटल्यावर आपा बाजेवरून म्हणाली, "रेहाना जाईल, ती शिकलेली आहे." सातवी नापास होता होता राहिलेल्या मला एवढा मान कधी मिळाला नव्हता. मी नाही म्हणायच्या आत दादीने अट घातली. "जाऊं दे. पन पोरीच्या गुडघ्याला कायबी झालं, नुसतं खरचटलं, तर रेहानेला चारच्या यष्टीत बसवायची. थेट उमरगं." दाजी हसले. मी हसले नाही. मला ती कोंबडी दिसली.

जायच्या आदल्या दिवशी शब्बूच्या पायाचं माप घेण्याचा कार्यक्रम झाला. गावाकडे शहरातून वहाण आणायची तर पायाच्या मापाची खराट्याची काडी तोडून द्यायची रीत. दाजींनी शब्बूला भिंतीला टाच टेकवून उभं केलं आणि बरोबर अंगठ्यापाशी काडी मोडली. दादी म्हणाली, "पोर वाढतीय का न्हाई? दोन बोटं जास्त." तिने स्वतःची काडी तोडली. आपा बाजेवरून म्हणाली, दोन बोटं म्हणजे दिवाळीपर्यंतच पुरेल, चार बोटं हवीत. अशा तीन काड्या झाल्या. वाढत्या अंगाचं घ्यायचं हा त्या घराचा धर्मच होता. शब्बूचा शाळेचा झगा तिच्या घोट्यापर्यंत यायचा, आणि दाजी लग्नातला कोट अजून भरून काढत होते.

पुण्यात कॅम्पात एक खेळाच्या सामानाचं दुकान होतं. दाजींनी मला आत बसवलं आणि गिरणीचा पट्टा बघायला पलीकडच्या गल्लीत गेले. दुकानदार वयस्कर होता, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मी ओढणीआडून तिन्ही काड्या काढून काउंटरवर ठेवल्या. त्याने चष्मा लावला, एकेक काडी उचलून पाहिली.

"मुलं किती आहेत?"

"एकच मुलगी."

"आणि पाय?"

मी घाबरून म्हटलं, "दोन." त्याने तिन्ही काड्या शेजारी शेजारी मांडल्या. मग मी सगळं सांगितलं, दाजींची काडी, दादीची दोन बोटं, आपाची चार. तो म्हणाला, "ताई, चपला सैल चालतात. यात पाय हलला तर मुलगी पुढे आणि पाय मागे, असं होईल. पण काळजी करू नका. यातले काही वाढतात." त्याने एक लोखंडी जोड काढला. खाली दोन पट्ट्या एकात एक सरकणाऱ्या, मधे आवळायचा एक नट, वर चामड्याचे बंद. किल्ली फिरवली की जोड लांब होई. त्याने तो दाजींच्या काडीएवढा केला, मग दादीच्या, मग आपाच्या, आणि मग अजून लांब करत थेट मोठ्या माणसाच्या पायाएवढा. मला आनंदाने रडूच आलं. घरातल्या तिघांचंही ऐकणारी वस्तू मी पहिल्यांदाच बघत होते.

आता अडचण एवढीच होती की तसले वाढते जोड चार होते आणि त्यातला कुठला घ्यायचा. मी प्रत्येकाचं चाक बोटाने फिरवून बघू लागले आणि मनात आकडे मोजू लागले. पहिलं चाक चाळीसपर्यंत फिरत राहिलं. मी ते घाबरून बाजूला सारलं. दुसरं तीस. तिसरं पंचवीस. दुकानदाराला वाटलं, मी मोठी जाणकार आहे. म्हणाला, "बरोबर बघताय. पहिलाच घ्या, लोण्यासारखा पळतो."

मी म्हटलं, "मला कमी पळणारा पाहिजे."

"कमी?"

"अगदी कमी. म्हणजे मुलीला वाटलं पाहिजे पळतोय, पण पळायला नको."

"मग चपलाच घ्या की ताई." पण माझं तोंड बघून त्याला दया आली असावी. त्याने वरच्या फळीवरून धुळीचा एक खोका काढला. आतला चौथा जोडही वाढताच, पण तांबडा, चाकं लोखंडी. मी बोट मारलं. चाक दीड वेढा गेलं, कुरकुरलं आणि थांबलं. "दोन वर्षं पडून आहे," तो म्हणाला, "वंगण वाळून खडा झालंय. जरा तेल—" मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. "हाच द्या." वर लोखंडी चाकांचा आवाज होणार होता, म्हणजे शब्बू कुठे आहे ते घरभर कळणार. इतकी विचार करून केलेली खरेदी मी आयुष्यात दुसरी केली नसेल. निघताना त्याने शिकवलंही, गुडघे वाकवायचे, पुढे झुकायचं, आणि पडायचंच असेल तर बसल्यासारखं पडायचं, हात टेकायचे नाहीत. मी बसमध्ये पौडपर्यंत ते पाठ करत होते.

(आता महाळुंग्याला मुलीच्या सातव्या मजल्यावरच्या घरात मी हे लिहिते आहे. नातीला चाकांचे बूट हवे आहेत, सगळी चाकं एका ओळीत असतात तसले. ती फोनवर बोट सरकवून एकेक दाखवते. घोटा कसा घट्ट धरतो, टाचेला ब्रेक कसा, नवशिक्यांसाठी चाक केवढं असावं. सगळं लिहिलेलं असतं, आणि खाली चारशे माणसांची मतंसुद्धा. मी विचारलं, "यात सगळ्यात कमी कुठला पळतो?" ती म्हणाली, "नानी, असा प्रश्न कुणीच विचारलेला नाही." तिला काय सांगणार, आमच्या वेळी मतं तीनच होती, पण काड्या मोडून दिलेली.)

तो जोड रात्रभर गिरणीच्या खिडकीत राहिला, कारण दादीने चाकं उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाहीत. आणि इथेच माझं सगळं शहाणपण फसलं. बाबूराव फिटर रोज उजाडताना तेलाची कुपी घेऊन फिरायचा. त्या घरात फिरणारी एकही वस्तू त्याच्या कुपीतून सुटत नसे. इंजिन, पट्ट्याची चाकं, रहाट, दारांच्या बिजागऱ्या, दादीचं शिवणयंत्र. एकदा त्याने पाळण्याच्या कड्यांना इतकं तेल घातलं की बाळाच्या अंगड्यावर काळे डाग पडले. त्या सकाळी त्याला खिडकीत आठ नवी चाकं दिसली. त्याने एक फिरवून पाहिलं. ते कुरकुरलं. बाबूरावाच्या हयातीत त्या आवारात चाक कुरकुरलं नव्हतं. त्याने आठही चाकं खोलली, रॉकेलमध्ये बुडवली, जुनं वंगण तारेने खरवडून काढलं, नवं भरलं, सगळं जसंच्या तसं बसवून जोड परत खिडकीत ठेवला आणि कुणाला काही न सांगता इंजिनाला शिवी द्यायला गेला. त्याच्या लेखी सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

मला याची गंधवार्ता नव्हती. मी ठरवलं होतं की शब्बूला बांधायच्या आधी आपण स्वतः घालून बघायचं. गुडघे फुटायचे तर माझे फुटू देत, त्यावर अट नव्हती. किल्लीने जोड माझ्या मापाचा केला. पायात दाजींचे जुने कॅनव्हासचे बूट चढवले, वर चामड्याचे बंद, आणि बंदांवर भरवसा नव्हता म्हणून पोती शिवायच्या सुतळीने प्रत्येक पाय सात गाठी मारून आवळला. गिरणीपुढे भात वाळवायचं सिमेंटचं खळं होतं, पावसाचं पाणी निघून जावं म्हणून रस्त्याकडे थोडं उतरतं. खालच्या टोकाला तुसाचा घराएवढा ढीग. अर्ध्या खळ्यात भात पसरलेला होता, अर्धं रिकामं. ढिगाच्या अलीकडे दादी दाताळ्याने भात वरखाली करत होती. शब्बूने माझी ओढणी मागून धरली.

"मावशी, पळ."

"हे पळत नसतात गं," मी म्हटलं, "मी मुद्दाम बघून आणलेत." आणि भिंतीचा हात सोडून एक पाऊल टाकलं.

ते पाऊल अजून चालूच आहे असं मला कधी कधी वाटतं. पाय गेले ते परत आले नाहीत. ओढणी शब्बूच्या हातात राहिली. लोखंडी चाकांचा असा खडखडाट उठला की नवा पट्टा बसवायला थांबवलेलं इंजिन चालू झालं असं समजून गिऱ्हाइकं पोती घेऊन उठली. मी गुडघे वाकवले, पुढे झुकले, सगळं दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे केलं, त्यामुळे वेग आणखीच वाढला. मी पायांना म्हणाले, "थांबा. अहो थांबा." पायांना अहोजाहो केलेलं दाजींनी खिडकीतून ऐकलं, आणि ते त्यांनी मरेपर्यंत सोडलं नाही.

दादीने मान वर केली. "रेहाने, कुटं चाललीस?"

"माहीत नाही दादी."

ती बाजूला झाली असती तर मी एकटीच ढिगात गेले असते. पण तिला वाटलं असावं की पोरीला धरावं. तिने दाताळं टाकलं आणि दोन्ही हात पसरले. मी तिच्यावर आदळले, तिने माझ्या गळ्याला मिठी मारली, तिचे पाय जमिनीवरून सुटले, आणि त्या चिमणीएवढ्या म्हातारीला छातीशी घेऊन मी उरलेलं खळं पार केलं. कडेच्या विटेला तिचा गुडघा घासल्याचं मला जाणवलं. मग तूस. कानात, नाकात, तोंडात तूस. वर बघितलं तर पिवळा धुरळा आणि त्यात बाबूरावाचं तोंड.

"चाकं झ्याक फिरत्यात न्हवं?" तो म्हणाला. "सकाळच्याला लई कुरकुरत हुती. मी सोय केली."

दादी उठली. तिला न बोलता चालताना त्या घराने पहिल्यांदाच पाहिलं असेल. लंगडत घरात गेली. तिच्या लुगड्याला गुडघ्यापाशी लाल डाग होता. आतून आपाचा आवाज आला, "रेहाना, आधी जाऊन पाय धर त्यांचे." मला पाय धरायला जायचं होतं, पण माझ्याच पायातनं चाकं निघत नव्हती. चौदा गाठी, त्यात तूस भरलेलं, भीतीने आवळलेल्या. उभी राहिले की सरकायची. शेवटी मी बसल्या बसल्या हातांनी ढकलत खळं चढले, उंबरा ओलांडला आणि तशीच सरकत दादीच्या खोलीत गेले. आठ चाकं उंबऱ्याच्या आत आली होती. माझ्या मनात उमरग्यापर्यंतचे सगळे थांबे लागून गेले होते.

दादी खाटेवर बसून मिठाच्या पुरचुंडीने गुडघा शेकत होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे.

"काड की ते."

"निघत नाहीत."

"सात जल्माच्या गाठी मारल्यास का काय?" तिने उशाखालून पोती शिवायचं दाभण काढलं. "आन हिकडं." माझा पाय तिने मांडीवर ओढून घेतला आणि दाभणाने सुतळी उकलू लागली. मला कळेना, रडावं की पाय मागे घ्यावा. थोरल्या माणसाच्या मांडीवर माझा पाय, वर चाक. मी म्हटलं, "दादी, मी कमी पळणारेच आणले होते."

"व्हय. दिसलं." एक गाठ सुटली. तिने दुसरीत दाभण घातलं. मग खालच्या आवाजात विचारलं, "किती आलो गं आपुन?"

"कुठं?"

"आगं, पळत. तू आन मी."

"दहा-बारा पावलं असतील."

"बारा न्हाई." तिने मान हलवली. "ईस. मी मोजली. ईस म्हंजी ईस." तिचा चेहरा एकदम असा झाला की मला तिचं वय सांगता येईना. तिच्या भुवयांत तूस अडकलं होतं. "माझं पाय खालीच न्हवतं. तुला कळलं का? खालीच न्हवतं."

एवढ्यात शब्बू दारात आली, माझी ओढणी अंगाभोवती गुंडाळून. दादीने तिला बोटाने जवळ बोलावलं. "हितं ये. गुडघं दाव." शब्बूने झगा वर केला. दादीने आधी डावा गुडघा पाहिला, अंगठा थुंकीने ओला करून पुसून पाहिला, मग उजवा. गिऱ्हाइकाचा तांदूळ हातावर घेऊन बघायची तसे उजेडाला धरून बघितले. मळ होता, बाकी काही नव्हतं.

"पोरीचं गुडघं चांगलं हायेत," ती म्हणाली. "माझ्या गुडघ्याचं कुनी बोललं न्हवतं." मग माझ्याकडे न बघता, "यष्टी गेली."

बाहेर अजून ऊन खळ्याच्या निम्म्यावर आलं नव्हतं. मी म्हटलं, "दादी, ती चारला असते."

"गेली म्हनलं ना," दादी म्हणाली, आणि माझा दुसरा पाय मांडीवर ओढून घेतला.